सँडरचा पट्टा

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

गणपती गेले, घर रिकामं झालं, आणि आज फणसाच्या दोन्ही फळ्या गॅरेजच्या माळ्यावरून खाली काढल्या. शेजारचे शेषगिरी मदतीला आले होते. फळ्या खाली येईपर्यंत त्यांची कंबर आणि माझा गुडघा, दोघांनीही राजीनामे दिले.

शमिकाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. हेमलताच्या माहेरी रीत अशी की मुलगी लग्नाला उभी राहते ती आईच्या माहेरच्या झाडाच्या पाटावर. बेळगावच्या त्यांच्या परसातला फणस वादळात पडला, तेव्हा सासऱ्यांनी तो कापून घेतला आणि या दोन फळ्या ट्रकमधून इकडे बंगळूरला पाठवल्या. शमिका तेव्हा शाळेत होती. त्या झाडाखालीच मी हेमलताला पहिल्यांदा पाहिलं. मे महिना होता म्हणून कांदेपोहे नव्हते, गरे होते. चिकाने माझी बोटं एकमेकांना चिकटली आणि ती आतून खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली. मी हो म्हणालो ते त्या वाटीला, असं ती अजून सांगते.

काल होणाऱ्या जावयाला, ध्रुवला, फोनवर मशीन दाखवलं. नागपूरचा मुलगा, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा, पण विचारतो मनापासून. त्याला म्हटलं, याला ड्रम सँडर म्हणतात. वर सँडपेपर गुंडाळलेला ड्रम गरगर फिरतो, खाली पट्टा सावकाश सरकतो. अलीकडून फळी लावली की पट्टा ती ड्रमखालून ओढून नेतो आणि पलीकडे गुळगुळीत करून सोडतो. मी अलीकडे, तुझ्या सासूबाई पलीकडे. तो म्हणाला, "म्हणजे काका, ट्रेडमिलवर रोडरोलर." चांगलं बोलला. मुलगा पास.

कारखान्यात मेंटेनन्सला असताना रोज नोंद लिहायचो. निवृत्तीनंतर सवय सुटली. लग्नघरात कामं विसरायला होतात म्हणून पुन्हा धरतो आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

फळ्यांना हात लावण्याआधी एका जुन्या शेल्फच्या लाकडावर चाचणी घेतली. बरं झालं घेतली. लाकूड निम्म्यावर जाऊन थांबलं. पट्टा खालून सरकतोय, लाकूड जागच्या जागी, आणि ड्रम एकाच ठिकाणी घासतोय. बंद करेपर्यंत आडवा खड्डा पडला आणि वर जळक्याचा काळा पट्टा.

हे फळ्यांच्या बाबतीत झालं तर कठीण आहे. एकदा खड्डा पडला की सगळी फळी त्या खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावी लागते. फळ्या जाड आहेत, पण इतक्याही नाहीत. असे दोन-तीन खड्डे पडले तर पाट होणार नाही, पोळपाट होईल. दुसरी फळी आणायला ते झाड आता नाही.

पट्टा ताणून घेतला, रोलर पुसले, पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच. हेमलता पलीकडून म्हणाली, "अहो, आज ऱ्हाऊ दे की. मला जरा बसायचंय." चेहरा उतरला होता. लग्नाच्या आमंत्रणांनी थकते बिचारी.

दुपारी जेवायला विकतच्या पोळ्या. गेल्या महिन्यापासून बनशंकरी बसस्टँडजवळच्या एका बाईंकडून येतात. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी कागदासारख्या पातळ पोळ्या खाल्ल्या, आता हे पुठ्ठे कशाला? म्हणाली, लग्न होईपर्यंत खावा. दारात रांगोळीही आता स्टिकरची आहे. बाईसाहेब आधुनिक झाल्या.

१७ सप्टेंबर, बुधवार

निदान झालं. पट्टा गेला आहे. मशीन नऊ वर्षांपूर्वी चामराजपेटमधल्या एका फर्निचरवाल्याने धंदा गुंडाळला तेव्हा घेतलं, तेव्हापासून हाच पट्टा. नऊ वर्षं चालला म्हणजे त्याने नोकरी इमानदारीने केली. आता त्यालाही निवृत्ती द्यायला हवी.

काय काय काढलं आम्ही दोघांनी या मशीनवर! अर्ध्या मराठी मंडळाचे पोळपाट, शेषगिरींच्या देवघराची दारं, शमिकाच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमधली पुस्तकांची मांडणी. फळीचं टोक पलीकडे निघालं की हेमलता "बंतु!" म्हणून ओरडायची. 'आलं' म्हणायला तिला कानडीच सुचतं. त्या वर्षांत रविवारी सकाळी आमच्या गॅरेजचा आवाज गल्लीला पाठ होता. पुढची दुधवाली मावशी त्यावरून वेळ ओळखायची. कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो तेव्हा मी शिफ्टला, ती शाळेत शिकवायला, शमिका शेजाऱ्यांकडे. एकमेकांना भेटायचो ते जिन्यात. एका कामाला दोघं लागलो ते निवृत्तीनंतर, या मशीनच्या दोन बाजूंना. हे आठवलं आणि पट्ट्याचा राग कमी झाला.

जुना पट्टा काढून, गुंडाळून, चामराजपेटला मानसिंगच्या दुकानी गेलो. पिठाच्या गिरणीपासून बिस्किटाच्या कारखान्यापर्यंत सगळ्यांचे पट्टे तिथे जोडून मिळतात. त्याने काउंटरवर तीन तुकडे टाकले. एक खरखरीत, सँडपेपरसारखे दाणे असलेला. दुसरा रबराचा, जाडजूड, वरून खडबडीत. तिसरा गुळगुळीत हिरवा, बिस्किटवाले घेतात तो.

"कौन सा दूँ, साब?"

मी जुना पट्टा उलगडून पुढे ठेवला. त्याच्यावरून हात फिरवला, हिरव्यावरून फिरवला. दोन्ही सारखे. "जैसा है वैसा," म्हटलं. कारखान्यात तीस वर्षं हाच नियम पाळला: सुटा भाग मागवायचा तो नमुन्याबरहुकूम. शहाणपणा करायला गेलात की मशीन रुसतं. मानसिंगने मान हलवली आणि माप घेतलं. माप मी रोलरवरून घेऊन गेलो होतो, जुन्या पट्ट्यावरून नाही, कारण जुना पट्टा ताणून लांबतो. एवढं कळतं मला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घटस्थापना काल झाली. संध्याकाळी शमिका ऑफिसातून थेट इकडे आली. बेळ्ळंदूरहून इथे यायला दोन तास लागले म्हणे. आल्या आल्या पट्ट्याची कथा ऐकली. "बाबा, सीरियसली, ऑनलाइन ऑर्डर करा ना. कंपनीचा ओरिजिनल येईल." म्हटलं, ओरिजिनल कोण बघायला गेलंय? मशीन माझ्याकडे आलं ते या पट्ट्यासकट आलं. माझ्यासाठी हाच ओरिजिनल.

हेमलता चहा घेऊन आली. हल्ली कप अर्धाच भरते. मी शमिकाला म्हटलं, बघ, लग्नाचा खर्च चहात वसूल करतेय तुझी आई. शमिका हसली नाही. "आई, तुझा हात असा का होतोय?" हेमलताने हात पदराखाली घेतला. "थंडी पडलीय ओ. ह्या वर्षी लवकर पडली." मलाही दोन दिवस पहाटे गार वाटतं आहे. जाड पांघरूण काढायला सांगितलं.

नंतर दोघी आत बराच वेळ बोलत होत्या. साड्यांचं असणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पट्टा आला आणि बसवलाही. सांधा तिरका दिला आहे, त्यामुळे रोलरवरून जाताना धक्का बसत नाही. रिकामा अर्धा तास चालवला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, रेषेत. हेमलताला बोलावून दाखवलं. ती बघत उभी राहिली. "छान चालतोय," म्हणाली. "आता लाकूड आपोआप येईल का ओ?" म्हटलं, आपोआपच येतं, नाहीतर पट्टा कशाला लावतात? ती आत गेली.

रविवारी खरी फळी लावायची.

२८ सप्टेंबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही.

लावली फळी. खात्रीने लावली. चाचणीसुद्धा घेतली नाही, कारण पट्टा नवा कोरा. हातभर आत गेली आणि थांबली. मी "धर, धर" म्हणून ओरडतोय, पलीकडे हेमलताने दोन्ही हात फळीला लावलेले, तिचा चेहरा लाल. ड्रमने फणसाच्या अंगात आडवा चर काढला. जळका वास सगळ्या गॅरेजभर.

चर मोजला. फळी उतरवून पाट होईल अजून. पण आणखी एक असा चर पडला तर नाही.

हेमलता खुर्चीत बसून रडली. मी म्हटलं, अगं, तुझा काय दोष? मानसिंगने फसवलं. बिस्किटाचा पट्टा गळ्यात मारला. ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं." म्हटलं, वेडी की काय तू. फणस तिच्या वडिलांचा, म्हणून लागलं असणार तिला. मलाही लागलं. त्या फळीच्या कडेला सासऱ्यांनी खडूने 'नातीसाठी' असं लिहिलेलं अजून पुसट दिसतं.

दुपारी मानसिंगला फोन करून दोन शब्द जास्तच बोललो. तो म्हणाला, "साब, आपने जो दिया वही दिया." नमुन्याबरहुकूम. माझंच वाक्य माझ्या तोंडावर.

२९ सप्टेंबर, सोमवार

हेमलता शमिकाबरोबर साडीला फॉल लावायला गेली, तेवढ्यात शेषगिरींना बोलावलं. शेल्फचंच लाकूड. त्यांना पलीकडे उभं केलं आणि म्हटलं, काही करायचं नाही, फक्त बाहेर आलं की झेलायचं.

लाकूड आत गेलं आणि उभं राहिलं. शेषगिरी वाकून बघत होते. "एळीबेका?" म्हणजे ओढायचं का? म्हटलं, नाही हो, ओढायचं कशाला, ते येतं. "बरोल्ला, विद्याधर अवरे," ते मला म्हणाले. "येत नाही. ओढतो मी." आणि त्यांनी टोक धरून सावकाश ओढलं. लाकूड लोण्यातून सुरी जावी तसं आलं. ना खड्डा, ना जळका डाग.

पुन्हा करून बघितलं. ओढलं की येतं. सोडलं की थांबतं.

शेषगिरी धारवाडच्या तालमीतले, हाताला जोर आहे. पण हा पट्टा ओढल्याशिवाय चालतच नसेल तर जुना नऊ वर्षं कसा चालला? यावर विचार करायला हवा.

१ ऑक्टोबर, बुधवार

आपली खंडेनवमी, इथली आयुधपूजा. कारखान्यात असताना या दिवशी लेथला हार, क्रेनला केळीचे खांब, गेटवर कोहळा फोडायचा. प्रत्येक माणूस आपलं मशीन आरशासारखं पुसायचा. आमचा सुपरवायझर कल्लाप्पा सांगायचा, वर्षभर मशीन तुमचं ऐकतं, एक दिवस तुम्ही त्याचं ऐका. हे सगळे लोक कुठे असतील आता?

सकाळी सँडर पुसायला घेतला. जुना पट्टा कोपऱ्यात पडला होता. त्यानेही नऊ वर्षं काम केलं, त्यालाही पुसू म्हटलं. उलगडून मांडीवर घेतला. मधली रुंदी गुळगुळीत. पण अगदी कडेला, जिथे मशीनच्या पत्र्याखाली तो झाकलेला असतो आणि लाकूड कधी पोचत नाही, तिथे बोट लागलं आणि टोचलं. नखाने खरवडलं. दाणे होते. बोटभर रुंदीची खरखरीत पट्टी, पूर्ण लांबीभर.

म्हणजे हा पट्टा मुळात खरखरीत होता. गुळगुळीत नव्हताच. दाणे झिजून गेले होते, आणि तेही आमच्याकडे नाही. पहिल्या दिवशी मी तो पुसून बसवला तेव्हाही तो असाच हाताला गुळगुळीत लागला होता, मला चांगलं आठवतं. फर्निचरवाल्याने टक्कल पडलेला पट्टा दिला आणि मी तेच त्याचं रूप समजलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तर वळसा घालून टक्कल पडल्याचीच हुबेहूब नक्कल करून आणली.

मग तो चालला कसा?

तेवढ्यात हेमलता पूजेचं ताट घेऊन आली. मशीनला हळदकुंकू लावायला वाकली. कुंकवाचं बोट पत्र्यावर टेकलं आणि थरथरत खाली घसरलं. टिळ्याऐवजी वेडीवाकडी रेघ उमटली. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा लावलं.

मी विचारलं, "हेमा, पलीकडून तू लाकूड ओढायचीस?"

"मग? ओढायचंच असतंय की."

"मी तुला कधी सांगितलं ओढायला?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालासा, धर. धरलं तर येईना. मग ओढलं, तर आलं. मला वाटलं मशीन तसंच असतंय. तुम्ही लावायचं, मी ओढायचं."

नऊ वर्षं. ते मशीन एकदाही स्वतः चाललं नाही. मला वाटायचं पट्टा ओढतोय, आणि तिला वाटायचं ओढणं हेच आपलं काम. मराठी मंडळाचे पोळपाट, शेषगिरींची दारं, मांडणी, सगळं तिच्या मनगटांवर निघालं.

"मग आता काय झालं?" मी विचारलं. खरं तर विचारायच्या आधीच मला कळलं होतं.

ती ताट खाली ठेवून खुर्चीत बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बघा." अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू फिरत होता, कापसाची वात वळावी तसा. ती वळत नव्हती. हात आपणच वळत होता. "आता येत नाही ओ ओढायला. पोळी लाटायला येत नाही. रांगोळी येत नाही. लग्न झालं की दाखवू म्हणत होते डॉक्टरला. लग्नघरात कशाला ते."

पोळ्या, रांगोळी, अर्धा कप. मी एकेकावर विनोद केले होते. मला तिथेच, मशीनपुढे बसून, रडू आलं. ती म्हणाली, "अहो, सण आहे आज." मग उठून तिनेच कोहळा फोडायला शेषगिरींना हाक मारली.

४ ऑक्टोबर, शनिवार

हेमलताला बरोबर घेऊन चामराजपेटला गेलो. मानसिंगची आधी माफी मागितली. फोनवर त्याला बोललो होतो ते म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तो हसला आणि हेमलतासाठी स्टूल आणि ताक मागवलं.

काउंटरवर पुन्हा तुकडे आले. आता दोनच, खरखरीत आणि रबराचा. मला खरखरीतच घ्यायचा होता. मूळचा तो मूळचा. शिवाय रबराचा जाड, म्हणजे ड्रमची उंची नव्याने बसवा, बोल्ट बदला, मोटरवर भार. दहा कारणं दिली. मानसिंग ऐकत होता.

हेमलताने पिशवीतून लाकडाचा ठोकळा काढला. घरून आणला होता, मला माहीत नव्हतं. आधी खरखरीतवर ठेवून डाव्या हाताने सरकवला. धरतो. मग रबरावर ठेवला. तो जागचा हललाच नाही.

"हा घ्या," ती म्हणाली.

"अगं, खरखरीत पण चांगला धरतो. तू बघितलंस ना."

"आज धरतोय. दाणे जाणार की नाही ह्याचे?"

"कधीतरी जाणारच. दोन वर्षं, तीन वर्षं."

"मग परत ओढायला कोण?"

दुकानात मशीनचा आवाज होता, तरी मानसिंगने ऐकलं असणार. त्याने रबराचा तुकडा उचलला आणि काही न विचारता माप लिहून घेतलं. खरं सांगायचं तर मला मूळचा वगैरे काही नको होतं. तिच्याशिवाय चालेल असा पट्टा मला नको होता, एवढंच. हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

येताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला, तिचा हलू नये म्हणून.

८ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरकडे गेलो. लग्नानंतर नको, आत्ताच, असं मीच हट्टाने म्हणालो. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कन्नड मिसळत समजावून सांगत होत्या. कंपवात. बरा होत नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ ताब्यात राहतो. हेमलताने विचारलं, "लग्नात मुलीचा हात हातात द्यायला येईल ना?" बाई म्हणाल्या, नक्की येईल. "मग झालं," ती म्हणाली.

घरी येऊन शमिकाला सांगितलं. तिला अर्धं आधीच माहीत होतं. त्या दिवशी आत दोघींचं साड्यांचं बोलणं चाललंच नव्हतं. फोनवर रडली, मग आईवर चिडली, मग म्हणाली, पाट राहू देत बाबा, हॉलवाले देतात पाट. हेमलताने माझ्या हातातून फोन घेतला. "हॉलवाल्यांचा फणस माझ्या बाबांनी लावलेला नाही," म्हणाली आणि ठेवून दिला.

१२ ऑक्टोबर, रविवार

रबराचा पट्टा शुक्रवारी आला. काल दिवसभर उंची बसवण्यात गेला. जुन्या लाकडावर तीन वेळा चाचणी घेतली. मी एकट्याने लावलं, पलीकडे कुणी नव्हतं. प्रत्येक वेळी लाकूड सरळ बाहेर आलं आणि टेबलावर जाऊन थांबलं. इतकं चांगलं चाललं की मला बरं वाटेना.

आज सकाळी चहा झाल्यावर हेमलता नेहमीसारखी पदर कमरेला खोचून पलीकडे जाऊन उभी राहिली. फळी लावली. पट्ट्याने धरली आणि एका लयीत नेली. पण फणसाची फळी जड, आणि बाहेर पडताना तिचा भार झेलावा लागतो. हेमलताचे हात थरथरले, टोक खाली झुकलं. मी धावत जाऊन धरलं. चर पडला नाही, पण पडला असता.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, तू बस, मी टेबलावर उतरवतो सगळी. ती बसली नाही. मशीनला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तुम्ही तिकडं जावा. मी लावते इकडून. इकडं काय, ठेवायचं आणि जरा ढकलायचं. पट्टा धरतोय की."

खरंच होतं. पट्टा धरत होता. मी पलीकडे गेलो. मशीन आणल्यापासून त्या बाजूला मी चालू मशीनपुढे एकदाही उभा राहिलो नव्हतो. सगळी धूळ त्या बाजूला येते. डोळ्यांत, नाकात, केसांत. रविवारी दुपारी ती डोकं धुवायची ते मला स्वच्छतेचं वेड वाटायचं.

तिने फळी पट्ट्यावर ठेवली. दोन्ही हातांनी, तळवे सपाट करून. हात हलत होते, पण फळी हलली नाही. पट्ट्याने धरली. ड्रमखालून टोक निघालं आणि माझ्यापुढे आलं. जुन्या तपकिरी थराखालून फणस उघडा पडत होता, पिवळाधमक, हळद लावल्यासारखा, रेघा लांबवर वाहत गेलेल्या. तयार बाजू आधी या बाजूच्या माणसाला दिसते. इतकी वर्षं माझ्या हातात खडबडीत लाकूड असायचं आणि हे सगळं तिला दिसायचं.

फळी पुढे येत राहिली. सवय नव्हती, कारणही नव्हतं, तरी मी टोक धरून ओढायला गेलो. ओढायची गरज नव्हती. मग नुसते हात खाली दिले आणि भार येऊ दिला.

पलीकडून, मोटरच्या आवाजावर आवाज चढवून तिने विचारलं, "कसं आलंय ओ?"

'थांब, दाखवतो' म्हणून ड्रम थोडा थोडा उतरवत आणखी काही फेऱ्या काढल्या, मग मशीन बंद केलं. फळी उचलून तिच्या बाजूला नेली, टेबलावर ठेवली, आणि तिचा उजवा हात धरून फळीवर ठेवला. ती डोळे मिटून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेली. जिथे त्या रविवारचा चर होता तिथे थांबली, पुन्हा चाचपलं. तिथे काही नव्हतं.

"गेला," ती म्हणाली.

मग पदराने तोंडावरची धूळ पुसली, माझ्याही तोंडावरची पुसली, आणि पट्ट्याच्या बटणाकडे बोट दाखवत म्हणाली, "चला, जावा तिकडं. दुसरी लावते."